सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि बाकीचे सहकारी: खटके का उडतात, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात उमापूर हे महसूल मंडळाचं गाव आहे. समजा, तिथला एक शेतकरी खरिपाच्या पीक पाहणीसाठी कपाशीच्या बांधावर उभा आहे. हातात मोबाईल, त्यात ई-पीक पाहणीचं ॲप. फोटो निघाला, पण माहिती पुढे जात नाही. तो तलाठ्याला फोन करतो. तलाठी म्हणतो, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, माझ्या हातात काही नाही." तहसीलमध्ये विचारलं तर उत्तर मिळतं, "वर कळवलंय." आणि 'वर' बसलेल्या डेव्हलपरच्या स्क्रीनवर तक्रार येते ती तीनच शब्दांची: 'ॲप चालत नाही.' कुठला फोन, कुठला गट, कुठल्या पायरीवर अडलं, काहीच माहीत नाही.

या साखळीत कुणीही खोटं बोलत नाही. तरी तलाठी डेव्हलपरवर चिडलेला असतो, डेव्हलपर तलाठ्यावर, आणि शेतकरी दोघांवर. सॉफ्टवेअर बनवणारे आणि त्यांच्यासोबत काम करणारे बिगर-तांत्रिक लोक यांच्यातला हा ताण पुण्याच्या आयटी कंपनीत असतो, बँकेत असतो आणि तहसील कार्यालयातही असतो. तो कुठून येतो, महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या योजनांमध्ये त्यानं काय घडवलं आणि तो कमी कसा करता येतो, हे या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- हा ताण बहुतेक वेळा स्वभावाचा नसतो. नियम एकाकडे आणि त्या नियमाचे अपवाद दुसऱ्याकडे, अशी माहितीची वाटणी झालेली असते. भांडण तिथून सुरू होतं.
- सॉफ्टवेअर अपवाद ओळखत नाही. जो अपवाद आधी सांगितला गेला नाही, तो नंतर 'बिघाड' म्हणून समोर येतो.
- खिडकीवर बसलेला माणूस शिव्या खातो आणि रांगेत उभा असलेला माणूस नुकसान सोसतो. कोड लिहिणाऱ्याला हे दोन्ही दिसत नाही.

कोण कोण असतं?

खासगी कंपनीत एका बाजूला डेव्हलपर आणि टेस्टर असतात, दुसऱ्या बाजूला विक्री, हिशेब, ग्राहकसेवा आणि व्यवस्थापन. मध्ये दुवा म्हणून बिझनेस ॲनालिस्ट किंवा प्रॉडक्ट मॅनेजर असतो. ग्राहकाचं म्हणणं डेव्हलपरच्या भाषेत मांडणं हे त्याचं काम.

सरकारी कामात हीच रचना वेगळ्या नावांनी दिसते. नियम मंत्रालयातला विभाग ठरवतो आणि शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढतो. सॉफ्टवेअर एनआयसी, राज्याचा माहिती तंत्रज्ञान विभाग किंवा नेमलेली कंपनी बनवते. प्रत्यक्षात ते चालवतात तलाठी, मंडळ अधिकारी, बँकेचे कर्मचारी, सोसायटीचे गटसचिव आणि आपले सरकार सेवा केंद्राचे चालक. मधला दुवा मात्र बऱ्याचदा नसतोच. जीआर हीच 'रिक्वायरमेंट' समजून काम सुरू होतं.

खटके उडण्याची चार कारणं

*१. शब्द एक, अर्थ तीन.* 'थकबाकी' हा शब्द घ्या. बँकेला त्यात मुद्दल आणि आजपर्यंतचं व्याज दिसतं. योजनेला ठरावीक तारखेची रक्कम हवी असते. डेव्हलपरला ते एक खाणं आहे, त्यात एक आकडा यायला पाहिजे. तिघांनी बसून अर्थ ठरवला नाही, तर तिघंही आपापल्या जागी बरोबर राहतात आणि यादी चुकते.

*२. 'छोटासा बदल.'* स्क्रीनवर एक रकाना वाढवणं बाहेरून पाच मिनिटांचं काम वाटतं. पण तो रकाना डेटाबेसमध्ये, तपासणीच्या नियमांत, अहवालात आणि आधी भरलेल्या लाखो अर्जांमध्येही यावा लागतो. जुन्या अर्जांत तो रिकामा असेल तर काय करायचं, हेही ठरवावं लागतं. हे न सांगता डेव्हलपर नुसतं "होणार नाही" म्हणतो, आणि समोरच्याला तो आळशी किंवा आडमुठा वाटतो.

*३. तारीख आधी, अंदाज नंतर.* तारीख जाहीर होते आणि मग काम किती आहे ते पाहिलं जातं. उशीर होतोय असं दिसलं की माणसं वाढवली जातात. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच आपल्या पुस्तकात दाखवलं होतं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात ऐनवेळी माणसं घातली तर तो आणखी लांबतो. नव्या माणसांना समजावून सांगण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो.

*४. चूक एकाची, बोलणी दुसऱ्याला.* सर्व्हर बंद पडला तर डेव्हलपरला रात्री फोन येतो. हा त्रास खराच. पण गावात तोंड द्यावं लागतं ते तलाठ्याला. आपण न बनवलेल्या आणि आपल्याला दुरुस्त न करता येणाऱ्या गोष्टीबद्दल रोज उत्तरं देणं, हा बिगर-तांत्रिक सहकाऱ्यांच्या रागाचा खरा गाभा आहे.

उदाहरण पहिलं: २०१७ ची कर्जमाफी

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा होता ३४,०२२ कोटी रुपयांचा, आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असं सांगितलं गेलं. थकबाकीदारांना दीड लाखापर्यंत माफी, नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम. जुलैच्या अखेरीपासून ऑनलाइन अर्ज सुरू झाले. सप्टेंबरमध्ये मुदत वाढवावी लागली. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम झाला. त्यानंतर याद्यांमधले घोळ बाहेर आले आणि पैसे खात्यावर जायला उशीर झाला.

राजकीय वाद बाजूला ठेवून हे प्रकरण फक्त तांत्रिक बाजूनं पाहू.

योजनेचं एकक होतं 'कुटुंब': पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. बँकेची वही मात्र कुटुंबानुसार चालत नाही, ती खात्यानुसार चालते. नवऱ्याचं कर्ज जिल्हा बँकेत आणि बायकोचं राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर ही दोन खाती एकाच घरातली आहेत हे कुठल्याच एका बँकेला माहीत नसतं. ती जोडण्याचं काम सॉफ्टवेअरवर आलं, आणि जोडायचा धागा होता आधार क्रमांक.

डेटाबेसच्या भाषेत याला 'की' म्हणतात. दोन याद्यांमध्ये एकच क्रमांक दिसला की त्या नोंदी एकमेकींना जोडल्या जातात. हा क्रमांक चुकला तर जोडणीच चुकते. त्या वेळी नेमकं हेच समोर आलं: बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावं होती.

मग दोष कुणाचा? सरकारी बाजूनं बँकांच्या माहितीकडे बोट दाखवलं. बँकांचं म्हणणं, मागितलेली माहितीच अवाढव्य आहे. ती १ ते ६६ रकान्यांत भरायची होती. आयटी विभागावर टीका झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्या विभागाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडून कार्यभार काढला गेला.

पण या ६६ रकान्यांचा प्रवास पाहा. जिल्हा बँकेचं पीककर्ज बहुतेक वेळा गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीमार्फत जातं. तिथला हिशेब गटसचिवाकडे. देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारनं मंजुरी दिली ती जून २०२२ मध्ये. म्हणजे २०१७ साली ज्या वह्यांतून ही माहिती यायची होती, त्यातल्या बऱ्याचशा अक्षरशः कागदाच्या वह्या होत्या. रकाना सक्तीचा आहे, माहिती हाताशी नाही आणि तारीख उद्याची आहे, अशा वेळी भरणारा माणूस काहीतरी भरून पुढे जातो. हे जगातल्या कुठल्याही कार्यालयात घडतं. फॉर्म बनवताना गटसचिवाला शेजारी बसवलं असतं, तर पहिल्या तासातच त्यानं सांगितलं असतं की यातले कुठले रकाने त्याच्या वहीत नाहीतच.

त्यात नियमही हलत होते. सुरुवातीला १ एप्रिल २०१२ नंतरची कर्जं धरली होती, मग ही मर्यादा मागे २००९ पर्यंत नेली गेली. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट. पण प्रत्येक बदलासोबत कोड, तपासणी आणि आधी गोळा केलेली माहिती, सगळं पुन्हा तपासावं लागतं. जाहीर केलेली तारीख मात्र पुढे सरकत नाही.

२०१९ मध्ये काय बदललं?

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. मर्यादा दोन लाख रुपयांची. कामाची पद्धत तीन ठिकाणी वेगळी होती.

- शेतकऱ्यानं अर्ज भरायचा नव्हता. माहिती बँकेनं तिच्याकडच्या कर्जखात्यांवरून द्यायची होती. म्हणजे जी माहिती ज्याच्याकडे आहे, ती त्याच्याकडूनच घेतली.
- याद्या गावात आणि बँकेत लावल्या गेल्या. शेतकऱ्यानं आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं, आधार प्रमाणीकरण करायचं आणि स्क्रीनवर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य नसेल तर तक्रार जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जायची.
- २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ शेतकऱ्यांची. आधी थोड्या गावांत चालवून पाहिलं, मग बाकीच्या याद्या आल्या.

अडचणी याही योजनेत आल्या. पण दोन योजनांमधला फरक चांगल्या किंवा वाईट डेव्हलपरचा नाही. 'रक्कम मान्य नाही' असं म्हणण्याची जागा दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअरमध्येच ठेवली होती. अपवाद येणार हे गृहीत धरलं, की तो आल्यावर भांडण होत नाही, प्रक्रिया होते.

उदाहरण दुसरं: सातबारा, तलाठी आणि ई-पीक पाहणी

आता पुन्हा उमापूरच्या बांधावर येऊ. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमिनीवरचे हक्क, बारामध्ये पिकं. पूर्वी बारा नंबरची नोंद तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी ॲप आलं आणि शेतकऱ्यानं स्वतः फोटोसह नोंद करायची पद्धत सुरू झाली. ही नोंद कागदोपत्री सोपस्कार नाही. नुकसानभरपाईचे पंचनामे, पीक विमा, पीककर्ज, हमीभावानं विक्री, सगळीकडे पिकाची नोंद असलेला सातबारा विचारतात.

हे काम वरकरणी सोपं दिसतं: गट निवडा, पीक निवडा, क्षेत्र टाका, फोटो काढा. आता अपवाद पाहा. सातबारा तीन भावांच्या सामाईक नावावर आहे, वाटणी तोंडी झालेली आहे. कागदावर एक गट, शिवारात तीन तुकडे. पहिल्या भावानं अख्खं क्षेत्र स्वतःच्या नावानं भरलं तर उरलेल्या दोघांनी काय भरायचं? कपाशीत तूर असेल तर पीक एक की दोन? शिवाय मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता आणि जुने महसुली कागद बऱ्याच ठिकाणी उर्दू आणि मोडीत आहेत. त्यामुळे नाव किंवा क्षेत्राच्या जुन्या चुका संगणकावर तशाच उतरण्याची भीती असते. तलाठ्याला हे पाठ असतं. डेव्हलपरला ते कुणी सांगितलं तरच कळतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हा ताण उघड झाला. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका उत्तरातली भाषा अपमानास्पद असल्याचं सांगत तलाठ्यांनी प्रकल्पाच्या वरिष्ठांविरुद्ध राज्यभर आंदोलन केलं आणि डिजिटल स्वाक्षरीची साधनं तहसील कार्यालयात जमा केली. त्या स्वाक्षरीशिवाय फेरफाराची कामं पुढे जात नाहीत. वाद भाषेवरून पेटला. पण सर्व्हरचा वेग, वाढलेलं काम आणि उत्तर न मिळणाऱ्या तक्रारी यांनी आधीच भरलेल्या भांड्यातला तो शेवटचा थेंब होता.

नंतरच्या आवृत्तीत काय आलं, हे पाहण्यासारखं आहे. २०२२ च्या खरिपापासून चूक झाल्यास ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतःच नोंद दुरुस्त करता येऊ लागली. मुख्य पिकासोबत नोंदवता येणाऱ्या दुय्यम पिकांची संख्या वाढवून तीन केली. शेतकऱ्यानं केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि तलाठ्यानं किमान १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. हे बदल तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. त्यांच्यामागे शिवारातून आलेली माहिती होती. ती पोचली तेव्हा ॲप सुधारलं.

चावडी वाचन: आपल्याकडची जुनी चाचणी

सॉफ्टवेअर जगात 'युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग' नावाची पायरी असते: बनवलेली गोष्ट खऱ्या वापरणाऱ्यांपुढे ठेवायची आणि त्यांनी 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे जायचं. २००१ मध्ये अमेरिकेत १७ डेव्हलपरांनी मिळून 'ॲजाइल'चा जो जाहीरनामा लिहिला, त्यातही करारावर वाद घालण्यापेक्षा ग्राहकासोबत मिळून काम करण्याला जास्त महत्त्व दिलं आहे.

महाराष्ट्रानं हे वेगळ्या नावानं केलं होतं. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवताना २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकावरचा सातबारा गावापुढे वाचून दाखवायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. राहिलेल्या चुका आजही दुरुस्त होत असतात, पण पद्धत योग्य होती: ज्याला अपवाद माहीत आहे, त्याच्यापुढे माहिती उघडी ठेवली.

ताण कमी करायचा तर

डेव्हलपरनी:
- "होणार नाही" ऐवजी "झालं तर काय काय बदलावं लागेल" हे सांगावं. पर्याय दोन द्यावेत, वेळ लिहून द्यावा.
- काम सुरू करण्याआधी एक दिवस खिडकीच्या पलीकडे बसावं. सेवा केंद्रावर, बँकेत, तलाठी कार्यालयात.
- चुकीच्या संदेशात 'एरर ५००' न लिहिता पुढे काय करायचं ते साध्या मराठीत लिहावं.
- प्रत्येक सक्तीच्या रकान्याला 'माहिती उपलब्ध नाही' हा पर्याय द्यावा. रिकामी जागा खोट्या माहितीपेक्षा बरी.

बिगर-तांत्रिक सहकाऱ्यांनी:
- 'चालत नाही' एवढ्यावर थांबू नये. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, या तीन गोष्टी आणि स्क्रीनशॉट पाठवावा.
- नियम सांगताना अपवादही सांगावेत. "असं नेहमी होत नाही, पण कधी कधी…" या वाक्यानं सुरू होणारी माहिती सर्वात मोलाची.
- बदल मागताना तारीख हलेल की काम कमी होईल, यातलं एक निवडावं.

वरिष्ठांनी:
- दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत बसवावं आणि शब्दांचे अर्थ लिहून घ्यावेत.
- आधी थोड्या गावांत, मग तालुक्यात, मग राज्यात, असा क्रम ठेवावा. घोषणेची तारीख त्यानंतर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डेव्हलपरना कामाचा अंदाज नेमका का सांगता येत नाही?*
घर बांधताना गवंड्याला विटा मोजता येतात. सॉफ्टवेअरमध्ये निम्मं काम म्हणजे काय बनवायचं हे शोधणं असतं. म्हणून एका तारखेपेक्षा 'दोन ते चार आठवडे' असं उत्तर जास्त प्रामाणिक असतं.

*बिगर-तांत्रिक माणसानं कोडिंग शिकायला हवं का?*
गरज नाही. आपलं काम टप्प्याटप्प्यानं, अपवादांसह कागदावर मांडता आलं तरी पुरे.

*ॲपमध्ये नोंद अडली तर शेतकऱ्यानं काय करावं?*
स्क्रीनशॉट, तारीख आणि गट नंबर जपून ठेवा. चुकीची माहिती भरून पुढे जाऊ नका. मुदत संपण्याआधी तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तुमचा अपवाद वरपर्यंत पोचायचा असेल, तर तो आधी कागदावर यावा लागतो.